चार चाकांचा फोन नंबर

आईच्या हातात कुठलाही मोठा आकडा द्या, ती तो अख्खा ठेवणार नाही. विजेच्या मीटरवरचा असो, औषधाच्या बाटलीवरचा असो, आधी ती त्याच्याकडे संशयाने बघणार, मग ओठ हलवणार आणि थोड्या वेळाने त्याचे तुकडे करून तुमच्या पुढ्यात ठेवणार. माझ्या दहावीच्या परीक्षेचा बैठक क्रमांक तिने असाच फोडला होता. मी भीतीने अर्धमेली होऊन निघालेली, आणि ही दारात उभी राहून म्हणते, “तेवीस गुणिले एकशे तीन. चांगला आहे गं, जा.” त्यात चांगलं काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हे खूळ तिला कारखान्यात लागलं. गिअर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती एकतीस वर्षं होती. लागली तेव्हा तिचं काम अगदी साधं होतं. तयार गिअरचे दाते मोजायचे, बरोबर असले तर तेलकट कागदात गुंडाळायचे आणि ट्रेमध्ये रचायचे. शाळा आठवीपर्यंत झालेली. कोणी तिला याहून जास्त काही विचारलंही नसतं.

पण त्या कारखान्याची एक गंमत होती. दाते पाडायच्या मशीनला अख्खा आकडा कळत नसे. मशीनच्या अंगाला चार खुंट असत, त्यांवर चार लहान चाकं बसवायची. त्या चाकांचे दाते नीट जुळले तरच पाहिजे तसा गिअर निघायचा. गिअरच्या नकाशावरून हिशेब करत गेलं की शेवटी एक लांबलचक आकडा उरायचा, आणि तो भिंतीवर टांगलेल्या चाकांत फोडावा लागायचा. भिंतीवर वीस दात्यांपासून एकशे सत्तावीस दात्यांपर्यंतची चाकं ओळीने टांगलेली होती. आकडा त्यांत फुटला तर काम झालं, नाही फुटला तर जवळपासचा आकडा घ्यायचा आणि गिअर थोडा चुकीचा काढायचा. ‘जवळपास’ हा शब्द आईला तेव्हापासून शिवीसारखा वाटतो.

एकदा फोरमन फळ्यावर २७७३ लिहून अर्धा तास डोकं धरून बसला होता. आई ट्रे घेऊन मागून जात होती. ती जाता जाता म्हणाली, “सत्तेचाळीस आणि एकोणसाठ लावा.”

फोरमनने वळून बघितलं. “कोणाला विचारून सांगताय?”

“आकड्यालाच,” आई म्हणाली.

तिने काय केलं होतं, ते मला तिने नंतर समजावलं, तेही मी कांदे चिरत असताना. त्रेपन्नाचा वर्ग अठ्ठावीसशे नऊ. फळ्यावरचा आकडा त्याहून छत्तीसने कमी. आणि छत्तीस म्हणजे सहाचा वर्ग. झालं तर मग! त्रेपन्नातून सहा काढायचे, त्रेपन्नात सहा घालायचे. सत्तेचाळीस, एकोणसाठ. “मोठ्या आकड्याला घाबरायचं नसतं,” ती म्हणाली, “तो कोणाचा तरी गुणाकारच असतो. नुसतं घरचे कोण ते विचारायचं.” पुढच्या महिन्यात तिचा ट्रे गेला आणि तिला खिडकीशी एक टेबल मिळालं. सगळा कारखाना तिला चाकंवाल्या बाई म्हणू लागला.

तीन नंबरच्या मशीनवर एक अबोल माणूस होता. तो रोज खिडकीशी यायचा, कागदाचा कपटा सरकवायचा आणि म्हणायचा, “बाई, एवढं फोडून द्याल का?” आई फोडून द्यायची. दोन-तीन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की, तीन नंबरच्या मशीनला जितकी कामं येतात त्याच्या दुपटीने कपटे येतात. तिने एक दिवस त्याला खिडकीतूनच धरलं. “साडेआठ हजार दात्यांचा गिअर? कुठे बसवणार हा, चंद्रावर?”

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. तो म्हणजे आमचे बाबा.

चोरी पकडली गेली तरी कपटे थांबले नाहीत, उलट आता ते राजरोस येऊ लागले. एका कपट्यावर ९९७३ होता. आईने तो दोन दिवस ठेवून घेतला. तीन जात नाही, सात नाही, अकरा नाही, तेरा नाही. शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्या तिने लावून बघितल्या, एकही गेली नाही. त्यापुढे बघायची गरजच नव्हती. आकडा फुटायचा तर त्याचे निदान दोन तुकडे व्हायला हवेत, आणि दोन्ही तुकडे शंभराच्या वरचे असते तर गुणाकार दहा हजारांच्या पलीकडे गेला असता. तिसऱ्या दिवशी तिने कपटा परत केला. “हा फुटत नाही. ही मूळ संख्या आहे. चार आकड्यांत याच्यापेक्षा मोठी दुसरी नाही.”

बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी आपला मनाला येईल तो आकडा लिहिला होता. ते म्हणाले, “मग राहू दे बिचारा. एकटा आहे.”

आई सांगते की, त्या ‘बिचारा’ शब्दावर तिचं लग्न ठरलं. निदान आत्ताआत्तापर्यंत सांगायची.

मी नऊ वर्षांची होते आणि दादा तेराचा, तेव्हा आमच्याकडे फोन आला. लाइनमन वायर ओढून, भिंतीत खिळे ठोकून गेला आणि पावतीच्या मागे नंबर लिहून गेला : ८५१५८८३. आम्ही दोघं रिसीव्हर कानाला लावायला भांडत होतो. आईचं फोनकडे लक्षच नव्हतं. ती पावती घेऊन जमिनीवर बसली. मागून तीन-तीन आकड्यांचे गट पाडले : आठशे त्र्याऐंशी, पाचशे पंधरा, आणि उरले आठ. आधी पहिल्यातून दुसरा वजा करून आठ मिळवले, तीनशे शहात्तर आले. “याला सात जात नाही, अकरा नाही, तेरा नाही. एका दमात तिघांची सुट्टी.” मग तेच तीन गट सरळ बेरजेला घेतले. चौदाशे सहा. आणि ती ओरडलीच, “सदतीस! सदतीस अडतिसे चौदाशे सहा! सदतीस जातं याला!”

बाबा आम्हाला भांडत सोडून तिच्याशेजारी येऊन बसले. पुढे सत्तेचाळीस गेलं. उरले ४८९७. आईने पेन खाली ठेवलं. “एकाहत्तरचा वर्ग पाच हजार एक्केचाळीस. त्यातून बाराचा वर्ग गेला. एकोणसाठ आणि त्र्याऐंशी.” तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, नंबर खराब निघाला.

“चारही चाकं आपल्या भिंतीवर आहेत,” ती बाबांना म्हणाली. “अहो, आपला फोन मशीनवर बसतो.”

आणि घरात माणसंही चारच होती, मग काय विचारता! त्याच संध्याकाळी वाटणी झाली. त्र्याऐंशी बाबा, कारण ते चाक चौघांत जड आणि फिरताना आवाज न करणारं. एकोणसाठ आई स्वतः. सत्तेचाळीसच्या चाकाच्या एका दात्याचा टवका उडालेला होता, आणि दादाने महिन्यापूर्वीच सायकलवरून पडून पुढचा दात तोडून घेतला होता, तेव्हा त्याला तक्रारीला जागाच नव्हती. राहिलं सदतीस ते मी. मी रडायला लागले, सगळ्यांत लहान मीच का म्हणून. आईने मला मांडीवर ओढलं. “लहान चाक सगळ्यांत जास्त फिरतं गं. तू कुठे एका जागी टिकतेस?” त्यानंतर कित्येक वर्षं मला घरात रागाने हाक मारायची असली की माझं नाव वगळून ‘ए सदतीस’ अशीच यायची.

हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण जेव्हा गरज पडली तेव्हा यातलं काही म्हणजे काही मला आठवलं नाही.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. दादा परदेशात. दोन वर्षांपूर्वी आईच्या डोक्यातला क्रम विस्कटायला लागला. आठवणी सगळ्या आहेत, पण त्यांची रांग मोडली. ती आधी चहा गाळते आणि मग पावडर शोधते. कपडे घालते आणि मग आंघोळीला निघते. तिच्या गोष्टीत माझं लग्न आधी होतं आणि बाबा खिडकीशी नंतर येतात. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाईल. वाढत गेलं. या वर्षी एका सकाळी मी तिच्यापुढे नाश्ता ठेवला, तर ती अदबीने म्हणाली, “बाई, तुमची पाळी किती वाजता सुटते?” मी “चारला” असं उत्तर दिलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

तरी एक गोष्ट तिची पक्की होती. सकाळी दहा वाजता चप्पल घालून निघायचं, पूर्वी जिथे कारखाना होता तिथपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. कारखान्याच्या जागी आता गाड्या उभ्या करायचं मैदान आहे. ती फाटकाशी पाच मिनिटं थांबते, आत बघते आणि वळते. त्या एका तासापुरता तिचा चेहरा पूर्वीसारखा असतो. पण दोनदा ती वळली ती भलतीकडेच. दोन्ही वेळा शेजारच्यांना दिसली म्हणून परत आली.

मी गळ्यात अडकवायचं कार्ड आणलं, तिने ते उतरवून ठेवलं. “मी काय पार्सल आहे?” पर्समध्ये माझ्या मोबाइलचा नंबर लिहून चिठ्ठी ठेवली, तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला भागाकार करून तिने ती फेकून दिली. शेवटी माझा पारा चढला. मी तिला बजावलं, “आई, सात दिवस रोज सकाळी मला माझा मोबाइल नंबर पाठ म्हणून दाखव. जमलं तर दार उघडं. नाही जमलं तर बाहेरून कुलूप.” हे बोलताना मला माझाच राग येत होता. पण ट्रकच्या रस्त्यावर ती एकटी उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सातही दिवस ती नापास झाली. दहा आकड्यांतले पहिले तीन यायचे, पुढे ती थबकायची. आणि नापास होऊन वर मलाच ऐकवायची. “तुझा नंबर वाईट आहे. एकशे सत्तावीसपर्यंतचं एकही चाक लागत नाही त्याला. असला अख्खाच्या अख्खा आकडा कुठे ठेवू मी? आपल्या घरच्या फोनचा कसा सुरेख फुटतो.”

“तो फोन मी बंद करतेय,” मी म्हटलं. “आठ महिन्यांत एकदा वाजलेला नाही.” आणि ते खरंच होतं. अर्ज देऊन झाला होता, एक तारखेपासून लाइन कापली जाणार होती. माझ्यासारख्या शहाण्या बाईने आईला कुठला नंबर शिकवायला घ्यावा, तर जो तिच्या डोक्यात बसूच शकत नाही तो. आणि बंद कुठला करावा, तर जो तिच्या हाडात आहे तो. पण तेव्हा मी कुलपाच्या विचारात होते. अठ्ठावीस तारखेला ते आणूनही ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार कडी बसवायला येणार होता.

सुतार आला अकराला. आई दहालाच माझी नजर चुकवून निघून गेली होती.

मी मैदानापर्यंत धावत गेले. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, आजी येऊन गेल्या, पण वळून कुठे गेल्या ते बघितलं नाही. मी चारही रस्ते पालथे घातले. औषधाच्या दुकानात विचारलं, बसथांब्यावर विचारलं. लोक विचारायचे, “दिसतात कशा?” आणि मला माझ्या आईचं वर्णन करता येईना. साधीच आहे. उंची साधी, चालणं साधं. एक वाजून गेला. पोलिसांत जायचं तर फोटो हवा म्हणून मी घरी परतले. सुतार बिचारा पायरीवर तसाच बसून होता, कडी हातात घेऊन.

मी कपाट उघडलं आणि फोन वाजला. खिशातला नव्हे, भिंतीवरचा. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“हॅलो,” पलीकडे एक बाईचा आवाज होता, जरा बिचकलेला. “तुमच्याकडच्या कोणी वयस्कर बाई... गिअरच्या कारखान्यातल्या?”

“माझी आई आहे ती,” मी म्हटलं. कसाबसा पत्ता विचारला. मैदानाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या गल्लीत टेलरिंगचं दुकान. मी तिथवर चालत गेले की धावत, ते मला सांगता येणार नाही.

दुकान एका खोलीचं. दोन शिलाई मशीन, भिंतीला कापडाचे तागे. टेलरबाई माझ्याच वयाच्या, गळ्यात मोजपट्टी. आणि आई स्टुलावर बसली होती, पुढ्यात बटणांचा डबा पालथा केलेला. तिने सगळी बटणं कापायच्या टेबलावर ओळींत मांडली होती, तेरा ओळी, प्रत्येकीत सतरा. जास्तीची दोन बटणं तिने मुठीत दडवून ठेवली होती, म्हणजे मांडणी बिघडायला नको.

माझा जीव भांड्यात पडला. मी दाराच्या चौकटीला टेकले.

“मी विचारलं, फोन नंबर आठवतो का आजी,” टेलरबाई सांगू लागल्या. “तर म्हणाल्या, अख्खा नाही, तुकडे आहेत. आणि चार आकडे सांगितले. मी ते एकापुढे एक लावून फिरवले, लागला नाही. परत विचारलं, तर तेच चार आकडे, पण उलटसुलट! तसे लावून बघितले, तरी नाही. तिसऱ्यांदा आणखी वेगळेच. मी म्हटलं, आजी, नीट आठवा हो, आधी कुठला, मग कुठला? क्रम चुकला तर फोन कसा लागेल? तर या माझ्यावर चिडल्या.”

“मग काय तर,” आई बटणांवरून मान न उचलता म्हणाली. “गुणाकाराला कुठे क्रम लागतो?”

“म्हणाल्या, गुणा. कुठूनही सुरू करा आणि गुणा. मला वाटलं, काहीतरीच. पण गुणून बघितलं मोबाइलवर, तर चक्क सात आकडे आले. पुढे गावाचा कोड लावला आणि... तुम्ही उचललात.”

मी आईकडे बघत राहिले. चहाचा क्रम गेला, आंघोळीचा गेला, लग्नाचा आणि बाळंतपणाचा गेला. जगात जिथे जिथे आधी काय आणि मग काय हे लागतं, तिथे तिथे माझी आई हरवली होती. आणि तिने घर गाठलं होतं ते अशा एका वाटेने, जिथे क्रम लागतच नाही. कुठलंही चाक आधी घ्या, कुठलंही मागून, आठ-पाच-एक-पाच-आठ-आठ-तीनच येणार. आणि दुसऱ्या कुठल्याही मूळ संख्यांतून तो आकडा येणार नाही. हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. मला दर वेळी कंटाळा आला होता.

“आई,” मी हाक मारली.

तिने वर बघितलं. ओळख नव्हती. “बसा ना, बाई,” ती म्हणाली आणि स्टुलावर थोडी सरकली.

टेलरबाईंना कसंसंच झालं असावं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “आजी, पण हे चारच आकडे का हो? कोणाचे आहेत?”

“आमचेच.” आईने टेबलावरून एक मोठं काळं बटण उचलून पुढे ठेवलं. “त्र्याऐंशी म्हणजे हे. आवाज न करणारे. एकोणसाठ मी. सत्तेचाळीस मुलगा, त्याचा दात तुटलाय.” तीन बटणं ओळीत लागली. चौथं, पांढरं, शर्टाच्या बाहीचं असतं तेवढं, तिच्या बोटांत राहिलं.

“आणि सदतीस?”

आईने दुकानात इकडेतिकडे बघितलं, मागावर असल्यासारखं. मग तिची नजर माझ्या पायांवर आली. एवढं धावल्यावर मला उभं राहता येत नव्हतं, मी नुसती या पायावरून त्या पायावर होत होते.

“ही काय उभी,” आई म्हणाली. “बघा की, एका जागी टिकते का!”

मी तिथेच, टेलरबाईंच्या चिंध्यांवर बसले आणि हुंदके देऊन रडले. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि टेलरबाईंना समजावलं की, हिला लहान आकडा मिळाला ना, म्हणून रडते.

कुलूप मी सुतारालाच देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी फोनच्या ऑफिसात जाऊन अर्ज मागे घेतला. कारकुनाने विचारलं, आठ महिने वापर शून्य दिसतोय, कशाला ठेवताय? मी म्हटलं, अहो, तो आमच्या घरातल्यांचा गुणाकार आहे. त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी इतकी वर्षं आईकडे बघत आले होते. आता घरच्या फोनवर आलेली रिंग माझ्या मोबाइलवर वाजते. मैदानाचा रखवालदार, औषधाचं दुकान आणि टेलरबाई, तिघांकडे सात आकडे लिहून ठेवले आहेत आणि तिघांनाही गुणायला शिकवलं आहे.

आई रोज दहाला निघते. मी दारात उभी राहून म्हणते, “सांग.” ती चप्पल शोधता शोधता चार आकडे सांगते. कधी बाबांपासून सुरू करते, कधी दादापासून. मी मनातल्या मनात गुणून बघते आणि दार उघडते. एखाद्या दिवशी ती सदतीसपासून सुरू करते. त्या दिवशी मी फाटकापर्यंत तिच्याबरोबर जाते.